ओळंबा आणि माळ्याचा जिना

गोदामात त्याला सगळे ओळंबा म्हणत. भिंत सरळ आहे की नाही हे बघायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतो, तो ओळंबा. ह्यानं रचलेली पोत्यांची थप्पी तशीच असायची. वरून दोरी सोडली तर तळापर्यंत कुठे पोटाला लागायची नाही की कुठे लांब पडायची नाही. एक थर आडवा, त्यावरचा उभा, सांध्यावर सांधा कधी येऊ द्यायचा नाही, आणि बाराच्या वर तेरावा थर चढवायचा नाही. कोणी तेरावं पोतं आणलंच तर म्हणायचा, "हे घरी ने, उशाला घे." तेवीस वर्षं त्यानं पन्नास-पन्नास किलो पाठीवर वाहिले, पण त्याची थप्पी कधी झुकली असं सांगणारा माणूस त्या गोदामात सापडला नसता. शिकलेल्याला त्याच्या अक्षराचा अभिमान असतो, तसा ह्याला थप्पीचा.

त्या गोदामात एक माळा आहे. माळ्यावर तीन बाजूंनी काच लावलेली केबिन, आणि केबिनमध्ये सुपरवायझर साहेब. खालून वर जायला सतरा पायऱ्यांचा एकच लोखंडी जिना, एका वेळी एकच माणूस जाईल इतका अरुंद. साहेब सकाळी चढायचे ते संध्याकाळी उतरायचे. मधे उतरायचे ते फक्त मुतारीसाठी, कारण मुतारी खाली होती आणि साहेबांना साखरेचा आजार होता. तासातासाला जिना वाजायचा आणि हमाल एकमेकांना डोळा घालायचे, "तास पडला रे."

एकदा एकाच दिवशी दोन ट्रक माल जास्त आला. साहेबांनी माळ्यावरूनच हुकूम सोडला, थप्पी अठरापर्यंत न्या.

"बारा, साहेब," ओळंबा खालून म्हणाला.

"जागा काय तुझ्या बापानं ठेवलीय? अठरा म्हणजे अठरा."

ओळंब्यानं हात लावला नाही. मग साहेबांनी दुसऱ्यांकडून त्याच्याच बारा थरांवर सहा थर चढवून घेतले, घाईघाईत, सरळसोट, सांध्यावर सांधा. दुसऱ्या दिवशी सकाळी तो त्या थप्पीच्या शेजारून ओझं घेऊन जात असताना वरचे थर सुटले. पाठीवर एक पोतं होतंच. त्यावर आणखी चार आली.

कमरेजवळ मणका मोडला. आतला मज्जारज्जू चेपला गेला. जीव वाचला, हात शाबूत राहिले, पण कमरेखालचं सगळं गेलं. पाय हलणं गेलं, त्यांना काही लागणं गेलं, लघवी आलेली कळणं गेलं. ह्या सगळ्याची त्यानं कशीबशी मनाशी समजूत घातली होती. तीन महिने इस्पितळात काढले, पण तोंडातून कधी ब्र काढला नाही. बायको देवाधर्माची. तिनं त्याच्या उशाशी बसून रोज नामस्मरण केलं आणि तोही डोळे मिटून ऐकायचा.

मग एक दिवस मुकादमकाका भेटायला आले. वयानं मोठे, हमालांच्या टोळीचे प्रमुख. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलले आणि उठता उठता म्हणाले, "तुला कळायलाच हवं. अपघाताच्या वहीत साहेबांनी काय लिहिलंय माहीत आहे? हमालाने खालचे पोते ओढल्यामुळे थप्पी कोसळली."

खालचं पोतं. ज्याला ह्या कामातलं काही कळत नाही, त्याला ह्यात काय एवढं असं वाटेल. पण भरल्या थप्पीच्या तळातलं पोतं ओढणं हे पहिल्या दिवशी आलेला नवखाही करत नाही. ते दारुडा करतो, नाहीतर ठार वेडा. तेवीस वर्षांच्या कामावर एका ओळीत शेण फासलं गेलं होतं. मालकांचा माणूस चौकशीला आला, ती ओळ वाचली आणि निघून गेला.

त्या दिवशी ओळंबा जेवला नाही. बायको म्हणाली, "अहो, देव बघतोय."

"बघू दे. मला साहेबाकडून वदवून घ्यायचंय."

इस्पितळातून सुटल्यावर पंधरा दिवसांतच तो चाकाच्या खुर्चीवरून गोदामात गेला. जायला नको होतं. तेव्हा त्याला स्वतःच्या शरीराचं वेळापत्रक अजून बसलं नव्हतं. किती पाणी प्यायचं, दर चार तासांनी नळी घालून लघवी कशी काढून टाकायची, हे शिकवलेलं होतं, पण अंगवळणी पडलं नव्हतं. जिन्याच्या पायथ्याशी खुर्ची थांबवून त्यानं हाक मारली, "साहेब, जरा खाली या. वहीतल्या त्या ओळीबद्दल बोलायचंय."

साहेब कठड्याशी आले. वरून बघत उभे राहिले. तेवढ्यात ओळंब्याच्या खुर्चीखाली थेंब पडायला लागले. त्याला कळलंही नाही. समोरच्या हमालांनी माना खाली घातल्या तेव्हा कळलं.

साहेबांनी खिशातून रुमाल काढला आणि नाकाला लावला. "अरे, ह्याला आधी बाहेर न्या. माल खराब होईल." चाळीस माणसांसमोर. आणि केबिनकडे वळताना म्हणाले, "बोलायचं असेल तर वर ये. मी काय खाली येत नाही."

घरी आल्यावर बायकोनं कपडे बदलले, अंग पुसलं. ती बादली उचलून निघाली तेव्हा तो म्हणाला, "सतरा पायऱ्या आहेत."

"कशाच्या?"

"वर ये म्हणालाय. जाणार."

*

व्यायामाच्या बाई आठवड्यातून दोनदा घरी येत. लहानखुऱ्या, चष्मा लावणाऱ्या, बोलायला फटकळ. पाठीच्या मणक्याचे असे कितीतरी पेशंट त्यांच्या हाताखालून गेले होते. आतापर्यंत ओळंबा त्या सांगतील तेवढं मुकाट करायचा, ना कमी ना जास्त. त्या मंगळवारी त्यानंच विचारलं, "बाई, पाय नसताना जिना चढता येतो?"

"येतो की. बुडावर. जिन्याकडे पाठ करून बसायचं, हात वरच्या पायरीवर रोवायचे, अंग उचलायचं, मागे टेकायचं. मग पाय उचलून घ्यायचे. कुठे जायचंय?"

"एकाला भेटायचंय."

"चांगला मित्र दिसतोय."

"फार," ओळंबा म्हणाला.

बाईंनी व्यायाम बदलले. पलंगावर दोन लाकडी ठोकळे ठेवून त्यावर हात टेकून अंग वर उचलायचं, आधी पाच वेळा, मग दहा, मग वीस. वाळू भरलेल्या बाटल्या डोक्यावर न्यायच्या. खिडकीच्या गजाला सायकलची जुनी ट्यूब बांधून ती छातीकडे ओढायची. हे ओढणं त्याला फुकटचं वाटायचं. "मला ढकलायचंय, बाई. ओढून काय करू?"

"नुसतं ढकलत राहिलात तर खांदा निकामी होईल. आता तुमचे खांदे हेच तुमचे पाय आहेत. ते गेले तर मित्राला फोनच करा."

ह्या बोलण्यावर तो निमूट ट्यूब ओढायला लागला. प्रत्येक वेळी ट्यूब ताणली की दात-ओठ खाऊन काहीतरी पुटपुटायचा. बायकोला आधी वाटलं, देवाचं नाव घेतोय. जवळ जाऊन ऐकलं तर साहेबांचं नाव होतं. तिनं कानाला हात लावला आणि देवापाशी जाऊन बसली. म्हणाली, ह्यांच्या मनातलं विष काढ. आणि उठता उठता तिच्याही तोंडून निघून गेलं, पण आधी त्या मेल्याची जिरव. लगेच तिनं क्षमा मागितली. पुढचे कितीतरी महिने तिचं हे असंच चाललं, रोज मागायचं आणि रोज क्षमा मागायची.

चार महिन्यांनी तो इमारतीच्या जिन्यावर गेला. त्यांची खोली तळमजल्यावर, आणि दारातूनच वर जाणारा नऊ पायऱ्यांचा टप्पा. बाईंची ताकीद होती की खालच्या पायरीवर एक माणूस उभा असल्याशिवाय चढायचं नाही, आणि दर पाव तासाला थांबून अंगाचा भार हलवायचा. आधी एका कुशीवर, मग दुसऱ्या, मग पुढे वाकायचं, चांगली दोन मिनिटं. बसायच्या जागेला काही लागत नाही ना, मग रक्त थांबलेलं कळणार कसं?

वरच्या मजल्यावरच्या शेजारीणबाई जाता-येता बघायच्या. एकदा म्हणाल्या, "भाऊ, रोज जिना पुसून निघतोय बरं का. आमच्याही टप्प्यावर येत जा."

"येतो, वहिनी. पुढच्या आठवड्यात," तो म्हणाला, आणि खरंच गेला.

पण इथंच त्यानं घात करून घेतला. हमालाला पहिल्या दिवशी एक गोष्ट शिकवतात, ओझं उचललं की ठिकाणावर जाईपर्यंत टेकवायचं नाही. अर्ध्यात टेकवलं की पुन्हा उचलताना कंबर जाते. तेवीस वर्षं हाडात मुरलेली ही सवय. नऊ चढायच्या म्हणजे नऊ, मग उतरायच्या, मग पुन्हा. मधे थांबणं त्याला लाजिरवाणं वाटायचं. बायको खाली उभी राहून म्हणायची, "अहो, पाव तास झाला." तो म्हणायचा, "ठिकाणावर जाऊ दे." त्यातच, नऊच्या अठरा झाल्याच्या आनंदात, सकाळ-संध्याकाळ आरसा धरून कातडी बघायची तीही दोन दिवस राहून गेली.

तिसऱ्या दिवशी बायकोनं आरसा धरला. बसायच्या हाडावर जखम झाली होती, आठाण्याएवढी, काठ काळसर. त्याला काहीच कळलेलं नव्हतं.

बाई आल्या, जखम बघितली, चष्मा काढून पुसला. मग इतक्या हळू आवाजात बोलल्या की त्यापेक्षा ओरडल्या असत्या तर बरं. "दादा, गोदामात एखाद्या हमालानं पोतं फरपटत नेलं, त्याची शिवण उसवली, तर तुम्ही त्याला काय म्हणाल?"

त्यानं तोंड उशीत खुपसलं.

"आता हमालही तुम्हीच आणि पोतंही तुम्हीच. पोतं स्वतःहून ओरडत नाही. त्याची काळजी हमालानं घ्यायची असते."

सहा आठवडे पालथं पडून राहायची शिक्षा झाली. रोज डॉक्टरांकडची नर्स येऊन पट्टी बदलायची. पालथ्या माणसाला फरशीशिवाय काही दिसत नाही. ओळंब्याला त्या फरशीत साहेबांचा रुमाल दिसायचा. नाकाला लावलेला, पांढरा, कडेला निळी रेघ. राग कमी होईल असं बायकोला वाटत होतं. राग कमी झाला नाही, पण त्याला शिस्त आली. रचायचं कसं हे ज्याला आयुष्यभर कळत होतं, त्यानं आता राग थर लावून रचला. पाणी किती वाजता, नळी किती वाजता, कुशी किती वाजता, सगळं कागदावर लिहून भिंतीला चिकटवलं आणि एक मिनिट इकडे-तिकडे होऊ दिलं नाही.

एकदा पालथा असतानाच म्हणाला, "साहेब मुतारीला किती वेळानं उतरतो गं?"

"मला काय माहीत."

"मला आहे," तो म्हणाला, आणि गालातल्या गालात हसला. अपघातानंतर पहिल्यांदाच. बायकोला ते हसणं बरं वाटलं नाही आणि बरंही वाटलं.

जखम भरल्यावर बायकोनं त्याला एक गादी शिवून दिली. हमाल पाठीला बांधतात तशीच, फक्त आत बाईंनी आणून दिलेला जाड स्पंज, आणि पाठीऐवजी बुडाखाली बांधायची, कमरेला पट्टा, मांड्यांना दोन पट्टे. तिच्यावर बसून बघत तो म्हणाला, "एवढी मऊ गादी साहेबाच्या खुर्चीलाही नसेल." पुन्हा पाच पायऱ्यांपासून सुरुवात झाली. आता तो दर चार पायऱ्यांना थांबायचा, भार हलवायचा, मोजून दोन मिनिटं. शेजारीणबाईंना वाटायचं, दम लागला. त्या पाणी आणून द्यायच्या. तो घड्याळ बघून म्हणायचा, "वहिनी, पाणी साडेअकराला."

*

'वर ये' म्हटल्याला दहा महिने झाले होते. एका सकाळी साडेनऊला त्यानं नळी घालून मूत्राशय रिकामं केलं, बायकोनं आरसा धरून कातडी बघितली, गादी बांधली, दोन्ही गुडघे पट्ट्यानं एकत्र केले. दहाला ते गोदामात होते. बायकोच्या पिशवीत पाण्याची बाटली, नळीची डबी आणि आरसा.

मुकादमकाकांना आधीच सांगितलेलं होतं. त्यांनी त्याला खुर्चीवरून पहिल्या पायरीवर बसायला मदत केली आणि बाईंच्या नियमाप्रमाणे स्वतः त्याच्या खाली उभे राहिले. ओळंब्यानं हातमोजे चढवले, हात मागे रोवले आणि अंग उचललं.

एक. लोखंड वाजलं. एकेक करून हमालांनी पोती उतरवली आणि उभे राहिले. चौथ्या पायरीवर तो थांबला, कुशी बदलल्या. आठवीवर थांबला. बाराव्या पायरीवर थांबला तेव्हा खालून एक जण हळूच म्हणाला, "बारा झाल्या, दादा. पुढे घरी ने." तेव्हा हशा पिकला, आणि त्या हशानं साहेब केबिनच्या बाहेर आले.

सतरावी झाली. वर केबिनच्या दारापर्यंत जेमतेम एका माणसाच्या रुंदीची मोकळी जागा होती, दोन्हीकडे कठडा. ओळंबा तिथं पाठ केबिनकडे आणि पाय जिन्यावर सोडून बसला. मुकादमकाका खाली उतरून गेले.

"वर ये म्हणाला होतात, साहेब. आलो."

"शाब्बास. सर्कशीत भरती हो," साहेब म्हणाले आणि आत जाऊन दार लावलं. थर्मासमधून चहा ओतून घेतलेला काचेतून सगळ्यांना दिसला.

अकराला दार उघडलं. "सरक."

"वहीतली ओळ, साहेब."

"कसली ओळ? सरक म्हटलं ना, मला खाली जायचंय."

"मला कुठे घाई आहे." त्यानं घड्याळ बघितलं आणि डाव्या कुशीवर कलला. दोन मिनिटं. मग उजव्या. साहेबांना वाटलं, सरकतोय. तो परत मधे बसला.

साहेबांनी कठड्यावरून आवाज दिला, "उचला रे ह्याला."

मुकादमकाका खालून म्हणाले, "साहेब, माणूस उचलायचं काम आमच्याकडे नाही. पोतं असेल तर सांगा."

"मालकांना फोन लावतो."

"लावा," ओळंबा म्हणाला. "त्यांनाही ऐकायला बरं. अठरा थर कोणी लावायला सांगितले ते सांगायला वरचे थर लावणारे सगळे खाली उभे आहेत."

फोन लागला नाही. साहेब आत गेले, बाहेर आले, आत गेले. खुर्चीत बसले, उठले. तीन बाजूंनी काच. कोपरा म्हणून कोपरा नाही. साडेअकराला ओळंब्यानं ठरलेलं पाणी प्यायलं, मोजके चार घोट, हळूहळू. बाटली हलवून टोपण लावलं. साहेबांनी ते बघितलं आणि तोंड फिरवलं.

बाराला साहेब त्याच्या मागे येऊन उभे राहिले. आवाज खाली आला होता. "हे बघ, झालं ते झालं. चुकून लिहिलं गेलं असेल."

"असेल नको, साहेब."

"अरे, माणूस आहेस का कोण. मला आजार आहे, तुला माहीत आहे."

"माझा तुम्हाला माहीत होता. रुमाल आहे ना खिशात?"

साहेब एक पाय दुसऱ्या पायाला घासत उभे होते. शेवटी पुटपुटले, "बरं. तू पोतं ओढलं नव्हतंस."

"खाली ऐकू गेलं नाही."

साहेबांनी कठडा धरला. चाळीस माणसं वर बघत होती आणि त्यांत पदर खांद्यावर घट्ट ओढून उभी असलेली ओळंब्याची बायको. "थप्पी अठराची मी लावायला सांगितली. ह्यानं खालचं पोतं ओढलं नाही."

"आता लिहा. जुनं खोडू नका, त्याच्याखाली लिहा. सही करा. आणि मुकादमकाकांना वाचायला द्या."

साहेबांनी लिहिलं. वही वरूनच खाली टाकली, काकांनी ती झेलली, ओळीवर बोट ठेवून मोठ्यानं वाचली आणि बगलेत मारली.

"झालं ना? आता हो बाजूला."

"बाजूला जागाच नाही, साहेब. मी खाली उतरतो, तुम्ही मागून या."

आणि ओळंबा उतरायला लागला. हात रोवायचे, अंग खाली टेकायचं, पाय उचलून पुढे ठेवायचे. एक एक पायरी. साहेब त्याच्या मागे, कठड्याला धरून, गुडघे जुळवून. चौथ्या पायरीवर ओळंबा थांबला. घड्याळ बघितलं. डावी कूस, उजवी कूस, पुढे वाकणं, दोन मिनिटं.

"अरे बाबा," साहेब म्हणाले.

"डॉक्टरी नियम आहे, साहेब. मोडला तर जखम होते."

आठव्या पायरीवर तो पुन्हा थांबला. गोदामात इतकी शांतता होती की छपरावर चिमण्या चालल्याचं ऐकू येत होतं. बाराव्या पायरीवर थांबायची पाळी आलीच नाही. त्याआधी, अकरावीवर, त्याच्या मागे लोखंडावर थेंब पडल्याचा आवाज आला. मग धार. ती पायरीवरून पायरीवर उतरत त्याच्या गादीच्या कडेनं खाली गेली.

कोणी हसलं नाही. कोणी माना खालीही घातल्या नाहीत. चाळीस माणसं सरळ बघत राहिली.

ओळंब्यानं मान वळवली नाही. उरलेल्या पायऱ्या न थांबता उतरला, खुर्चीत बसला आणि काकांना म्हणाला, "पाणी टाका जिन्यावर. माल खराब होईल."

*

घरी आल्यावर बायकोनं त्याला कुशीवर वळवलं, गादी सोडली, आरसा धरला. उजेडाकडे तिरपा करून पुन्हा धरला. कुठे लाली नाही, डाग नाही.

"कोरी आहे," ती म्हणाली.

तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. तसाच म्हणाला, "चौथ्या पायरीचं थांबणं नियमाचं होतं."

"आणि आठवीचं?"

"उतरताना इतक्या लगेच पुन्हा थांबावं लागत नाही."

तिनं आरसा पुसला, खिळ्याला लावला. हात धुतले आणि नेहमीप्रमाणे देवापाशी जाऊन बसली. पुष्कळ वेळ बसली. त्या दिवशी तिनं काही मागितलं नाही, आणि क्षमाही मागितली नाही.